कोलेस्टेरॉलची वजाबाकी

उरण असो वा श्रीवर्धन, रक्ततपासणीचा रिपोर्ट हाती आला की नजर आधी एकूण कोलेस्टेरॉलवर जाते. आकडा दोनशेच्या आत असला की आपण निर्धास्त होतो. हा निर्धास्तपणा फसवा आहे. समजा, दोघांचे एकूण कोलेस्टेरॉल १९० आहे. पहिल्याचे एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, ६०, दुसऱ्याचे ३२. ते वजा केले की पहिल्याचे १३० उरते, दुसऱ्याचे १५८. या बाकीला नॉन-एचडीएल म्हणतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत साचू शकणारे सगळे कोलेस्टेरॉल तिच्यात येते. दुसऱ्याचे ट्रायग्लिसराइड २४० असेल, तर नेहमीच्या सूत्राने त्याचे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ११०च निघते. म्हणजे ओळखीचे दोन्ही आकडे फारसे घाबरवत नाहीत आणि धोका नजरेतून सुटतो. कमी एचडीएल आणि चढे ट्रायग्लिसराइड ही जोडी भारतीयांत वारंवार आढळते, म्हणून ही वजाबाकी आपल्याला अधिक गरजेची.

कोणी म्हणेल, कोलेस्टेरॉल ठीक असलेल्यांनाही हृदयविकाराचा झटका येतोच, मग तपासायचे कशाला? झटका येतो हे खरे, पण त्याचा अर्थ कोलेस्टेरॉल निरुपयोगी असा होत नाही. ते एकटे पुरत नाही, इतकाच होतो. भारतासह ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाने २००४ साली दाखवले की, पहिल्या झटक्याचा बहुतांश धोका नऊ गोष्टींत सापडतो. रक्तातील मेद, तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, पोटाचा घेर या त्यातल्या ठळक. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा साधारण सहा वर्षे आधी येतो, हेही त्याच अभ्यासातून पुढे आले. मशेरी लावणाऱ्या, साखर वाढलेल्या माणसाचे १५८ आणि निर्व्यसनी तरुणाचे १५८ यांचे वजन म्हणूनच सारखे नसते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. अपोलायपोप्रोटीन-बी ही तपासणी कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या घातक कणांची संख्याच सांगते, पण ती सगळीकडे होत नाही आणि महागही पडते. वजाबाकीला मात्र वेगळा पैसा लागत नाही, आणि तिच्यासाठी उपाशीपोटी रक्त देण्याचीही सक्ती नाही. तेव्हा तालुक्याच्या गावी मिळणाऱ्या साध्या रिपोर्टवरही ती करता येते. उत्तर १३०च्या वर आले, तर रक्तदाब आणि साखरेच्या आकड्यांसह ते डॉक्टरांपुढे ठेवा. आधीच हृदयविकार किंवा मधुमेह असेल, तर मर्यादा याहून खाली असते. ती डॉक्टरांनाच विचारा. आणि एकूण आकडा उतरला म्हणून चालू असलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नका.