खाडा

२०२४ च्या एप्रिलमध्ये माझ्या कवितासंग्रहाचे फर्मे साकीनाक्याजवळच्या एका छोट्या बाइंडिंगखान्यात पडून होते. पुस्तक कधी मिळणार, हे विचारायला गेलो. मालक चहा सांगायला बाहेर गेले, तेव्हा टेबलावरची हजेरीवही सहज चाळली. सात नावे, त्यांतल्या पाच बायका. ९ तारखेला गुढीपाडवा होता, ११ ला रमजान ईद. दोन्ही रकान्यांत वरपासून खालपर्यंत एकच अक्षर होते, 'खा'. खा म्हणजे खाडा.

ज्यांनी गुढी उभारली त्यांचा आणि ज्यांनी शीरखुर्मा केला त्यांचाही, दोन्ही दिवसांचा रोज कापलेला. इतका चोख सर्वधर्मसमभाव मी दुसरीकडे पाहिलेला नाही!

मी बी.ए. होऊन कचेरीत चिकटलो. चंद्र एक दिवस उशिरा दिसला तर माझी सुट्टी एक दिवस पुढे सरकते, पगार जागचा हलत नाही. माझे वडील घाटकोपरला एका शिंप्याच्या दुकानात रोजावर होते. चाँदरातीला आम्ही पोरे गच्चीवर चंद्र शोधायचो आणि ते खाली बसून हिशेब मांडायचे. दुकान आठवड्यातून एक दिवस बंद असे. त्या दिवसाचे पैसे त्यांना कधी मिळाले नाहीत आणि त्यांनी कधी मागितलेही नाहीत. काम नाही तर दाम नाही, हे त्यांना न्यायाचेच वाटे.

पुढे कधीतरी १९४८ चा मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम माझ्या वाचनात आला. दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावे आणि नोकर रोजंदारीवर असला तरी त्या दिवसाचा रोज त्याला द्यावा, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. वडील तेव्हा हयात नव्हते.

या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवार मागितला आणि १० जून १८९० पासून तो मिळाला. रविवार मिळाला म्हणजे रविवारचा रोज मिळाला, असे मात्र नव्हे. १९४८ च्या कायद्याने ती उणीव निदान कागदावर भरून काढली होती. २०१७ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला. त्यात आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि उरलेल्या चार मालक-कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी ठरवायच्या. पण हे सारे दहा किंवा अधिक कामगार असतील तिथे. २०२५ मध्ये तर राज्य मंत्रिमंडळाने ही रेघ वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. सात माणसांच्या बाइंडिंगखान्याला दोन्ही रेघा सारख्याच लांब.

चहा आला. मी वहीकडे बोट दाखवले. मालक वाईट माणूस नव्हे. म्हणाले, "कविराज, त्या दिवशी मशीन बंद, पण गाळ्याचं भाडं चालूच. माझाही खाडाच की!" यावर मला पटकन उत्तर सुचले नाही. नंतर मनात आले, त्यांचा खाडा सात जणांच्या वर्षभराच्या कामातून भरून निघतो. फर्मे दुमडणाऱ्या बाईने तिचा कशातून भरून काढायचा? मग ती सणाच्या आदल्या दिवशी दोन तास जास्त बसते आणि घरी जाऊन पुरण शिजवते.

मतदानाच्या दिवसाचे मात्र वेगळे आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३५ ब या कलमाने मतदाराला भरपगारी सुट्टी मिळते. रोजावरच्या माणसालाही. किती कामगार, हा प्रश्न तिथे नाही. हे मी मालकांना सांगितले. त्यांनी मान हलवली, मला वाटले विसरून जातील.

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान झाले. दुसऱ्या दिवशी उरलेल्या प्रती आणायला गेलो, तेव्हा त्या बायका वहीभोवती उभ्या होत्या. २० तारखेच्या रकान्यात सगळ्यांपुढे हजेरी लागली होती. सगळ्यांत वयस्कर बाई मालकांना म्हणाली, "शेठ, काल आम्ही आलोच नव्हतो. चुकलं वाटतं तुमचं."