लिहिलं कुणी?

(राजुरी, ता. जुन्नर येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या महिन्यात आपल्या भित्तिपत्रकावर एकीनं नवऱ्याच्या मारहाणीबद्दल लिहिलं. खाली नाव नव्हतं. पारावर चर्चा झाली. मारलं का, हे कुणी विचारलं नाही. लिहिलं कुणी, एवढंच विचारलं. मला निरोप आला, "मॅडम, नाव सांगा, नाहीतर गावात येऊ नका." म्हणून आज एका लेखिकेबद्दल बोलते.

आपल्या कुकडीचं पाणी पुढं घोड नदीला मिळतं. त्या घोडकाठच्या शिरूरचं नाव लावून १९३३ साली विभावरी शिरूरकर ह्यांचं 'कळ्यांचे निःश्वास' आलं. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुली त्यात बोलत होत्या. घर त्यांच्या पगारावर चालायचं, पण मनातली, देहातली इच्छा मात्र बोलायची नाही! पुढच्या वर्षी 'हिंदोळ्यावर' आली. नवऱ्यानं टाकलेली अचला लग्नाशिवाय दुसऱ्या पुरुषाबरोबर राहते, आई होते. मोठं वादळ उठलं. बाई असं लिहीलच कशी, हा कुणी पुरुषच असणार, असंही लोक म्हणाले.

ह्या विभावरी म्हणजे बाळूताई खरे, हिंगण्याला कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या, पेशानं शिक्षिका. नाव फुटलं असतं तर नोकरी आणि अब्रू, दोन्ही पणाला लागलं असतं. प्रकाशक ह. वि. मोटे ह्यांनी गुपित सांभाळलं. ह्याला भित्रेपणा म्हणायचं का? मी म्हणणार नाही. त्या आडोशामुळेच त्या लिहीत राहिल्या. पुढं सोलापूरला 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत त्यांनी काम केलं, त्यातून १९५० साली 'बळी' कादंबरी आली. १९८१ च्या समांतर साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्या, म्हणजे मालतीबाई बेडेकर, उघडपणे बसल्या.

बांगलादेशच्या तसलिमा नासरीन ह्यांनी नाव लपवलं नाही. १९९३ साली 'लज्जा' आली, डोक्यावर इनाम लागलं, १९९४ मध्ये देश सोडावा लागला. २००७ साली कोलकात्यातूनही निघावं लागलं. नाव उघड करायचं तर पाठीशी माणसं लागतात, ती नसली की बाई एकटी पडते.

माझी एक चूक सांगते. कामाला नवी होते तेव्हा एका मुलीनं स्वतःच्या नावानं लिहून आणलं होतं. मी म्हटलं, "नाव खोड गं, तुझं लग्न व्हायचंय." तिनं नाव खोडलं नाही, कागदच फाडला. पुन्हा काही लिहिलं नाही. धमकी द्यायला बाहेरचं कुणी लागलंच नाही, मीच पुरले.

उद्या भित्तिपत्रक पुन्हा लागेल. नाव द्यायचं की नाही, हे लिहिणारीच ठरवेल. कुणी विचारायला आलं, तर आपण सगळ्यांनी एकच सांगायचं, "आम्ही लिहिलंय. आता मारणाऱ्याबद्दल बोला."