बरणीतली अळी आणि नववीची वही

 

आज आम्ही शाळेतल्या एका विषयावर बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, शाळेचं शाळेत, आमचा काय संबंध? संबंध आहे. आपल्या गावच्या हायस्कुलात विज्ञानाच्या बाईंनी नववीच्या मुलामुलींना या पावसाळ्यात एक काम दिलं. घरच्या पाण्यात डासाच्या अळ्या आहेत का बघा, असतील तर त्यातल्या चार-पाच बरणीत घ्या, रोज बघा आणि जे दिसेल ते वहीत लिहा. आता घरचं पाणी कोण भरतं? टाकी कोण धुतं? डेंग्यूचा ताप आला तर उशाशी कोण बसतं? आपणच. म्हणून बाईंनी आमच्या गटाला शाळेत बोलावलं आणि आम्ही गेलो. तिथे जे बघितलं, ते तुम्हाला सांगायचं आहे.

आधी निरीक्षण म्हणजे काय ते सांगतो. नुसतं बघणं वेगळं आणि निरीक्षण वेगळं. हे आपल्याला नवं नाही. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवल्यावर आठ-दहा दिवसांनी आपण अंधारात एकेक अंडं उजेडापुढे धरतो. आत शिरा दिसल्या, गडद डाग दिसला तर अंडं भरलंय, नाही तर बाजूला. एकविसाव्या दिवसाच्या आसपास पिल्लू बाहेर येणार हे धरून आपण कामं लावतो. हे निरीक्षणच आहे. फरक एवढाच की आपलं सगळं डोक्यात राहतं. शाळा सांगते, ते कागदावर उतरवा. तारीख घाला, मोजा, आणि आपल्याला वाटतं ते खरंच तसं आहे का, ते तपासा.

आता बरणीकडे येऊ. लोणच्याची रिकामी काचेची बरणी, तोंडाला मच्छरदाणीचं कापड, वरून घट्ट रबर. कापड कधीच काढायचं नाही, कारण आत शेवटी डास होणार आहे. ही पहिली अट बाईंनी सगळ्यांकडून तीनदा वदवून घेतली.

पहिल्या दिवशी मुलांनी लिहिलं, "पाण्यात खूप किडे आहेत." बाईंनी वही परत केली. खूप म्हणजे किती? मोजा. किती लांब? पट्टीशेजारी धरून बघा. रंग कोणता? पाण्यात वर असतात की तळाला? दुसऱ्या दिवशी मुलं बरणीला डोळे लावून बसली आणि दिसायला लागलं. अळी डोकं खाली करून पाण्याच्या वरच्या थराला लटकते. शेपटीकडची एक बारीक नळी पाण्याबाहेर काढते. ती त्या नळीतून श्वास घेते. मध्येच वळवळत खाली जाते आणि थोड्या वेळाने पुन्हा वर येते. पाण्यावर पारदर्शक सालं तरंगताना दिसतात, ती तिची कात. अळी मोठी होताना चारदा कात टाकते. शेवटच्या वेळी तिचा कोष होतो. तो विळ्यासारखा वाकडा असतो, डोक्याकडे दोन शिंगं असल्यासारखा दिसतो. कोष काही खात नाही, पण हात लागला की पळतो. साधारण दोन दिवसांनी त्याची पाठ उकलते आणि डास बाहेर येतो. उबदार हवेत अंड्यापासून डासापर्यंतचा हा सगळा प्रवास आठ-दहा दिवसांत उरकतो. हे आकडे पुस्तकातही आहेत. पण स्वतःच्या बरणीवर तारखा घालून ज्या मुलीने ते मोजले, ती विसरणार नाही.

इथे एक गोष्ट घडली, ती मुद्दाम सांगतो. एका मुलीने वहीत अळीचं सुंदर चित्र काढलं होतं. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली. बाईंनी विचारलं, "तुझ्या बरणीत अशीच दिसते का?" मुलगी गप्प. मग म्हणाली, "नाही बाई, माझी तिरकी लटकते. पण गाईडमध्ये अशी आहे." म्हणजे डोळ्यांना एक दिसलं आणि हाताने दुसरं काढलं, कारण मार्क छापील चित्राला मिळतात असं तिला वाटलं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "गाईडमधलं चित्र खोटं नाही आणि तुझे डोळेही खोटे नाहीत. मग असं का, ते शोध."

आणि शोधल्यावर कळलं. आडवी पडते ती अॅनॉफिलिसची अळी, म्हणजे मलेरिया पसरवणाऱ्या डासाची. तिला शेपटीला नळी नसते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अळीला नळी असते, म्हणून ती लटकते. हत्तीरोग पसरवणाऱ्या क्युलेक्सचंही तसंच, तिची नळी आणखी लांब. ती मुलगी गाईडचं चित्र काढून मोकळी झाली असती, तर आपल्या घरच्या पाण्यात कोणत्या जातीचा डास वाढतोय याचा मागच लागला नसता. मैत्रिणींनो, आपण पोरांना म्हणतो, पुस्तकात आहे तसंच लिही. पाढे आणि शुद्धलेखन पुस्तकाप्रमाणे. पण जे डोळ्यांनी बघायला सांगितलंय, ते दिसलं तसंच लिहायला हवं.

दुसरा धडा शब्दांचा. एकाने लिहिलं, "बरणीवर हात फिरवला की अळ्या घाबरतात." बाई म्हणाल्या, घाबरली हे तुला दिसलं का? दिसलं ते एवढंच, की सावली पडली आणि अळी खाली गेली. घाबरली हा आपला अंदाज. अंदाज बांधायला हरकत नाही, पण वहीत दोन रकाने करा. एकात दिसलं ते, दुसऱ्यात वाटलं ते. आम्हाला हे फार आवडलं. चावडीवरच्या, पाणवठ्यावरच्या कितीतरी गोष्टींना हे दोन रकाने लावून बघावेत असे आहेत.

मग मुलांनी प्रश्न काढला, अळ्या येतात कुठून? घराघरात उत्तर मिळालं, "साचलेल्या पाण्यात आपोआप होतात." हे उत्तर फार जुनं आहे. सडक्या मांसात किडे आपोआप होतात, असं युरोपातही शेकडो वर्षं मानत होते. इटलीत फ्रान्चेस्को रेडी नावाचे एक वैद्य होते. त्यांनी १६६८ साली याबद्दल पुस्तक छापलं. त्यांची युक्ती साधी होती. काही भांड्यांत मांस उघडं ठेवलं, काहींची तोंडं बारीक जाळीच्या कापडाने झाकली. उघड्या भांड्यांत माश्या बसल्या आणि अळ्या झाल्या. झाकलेल्या मांसात अळ्या झाल्या नाहीत. माश्या कापडावरच घोटाळत राहिल्या. म्हणजे अळ्या मांसातून येत नव्हत्या, माशीच्या अंड्यांतून येत होत्या.

मुलांनी हेच पाण्यावर केलं. दोन सारख्या बरण्या, दोन्ही घासून उकळत्या पाण्याने धुतलेल्या. दोन्हींत एकाच हंड्यातलं, कापडाने गाळलेलं पाणी. दोन्ही एकाच सावलीच्या कोपऱ्यात. फरक फक्त एक, एका बरणीला कापड आणि दुसरी उघडी. सगळं सारखं ठेवून फरक एकच का? कारण दोन फरक ठेवले, तर कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही. शेतातल्या दोन वाफ्यांत आपण बियाणंही बदललं आणि खतही बदललं, तर पीक कशाने वाढलं म्हणणार? तेच हे.

काहींच्या उघड्या बरणीत अळ्या झाल्या, काहींच्या झाल्या नाहीत. ज्यांच्या झाल्या नाहीत ती मुलं हिरमुसली. बाई म्हणाल्या, "हेही लिहा. तुमच्या बरणीवर डास बसलाच नसेल." एका बरणीवरून निकाल लागत नाही, म्हणून तर सगळ्या वर्गाने बरण्या ठेवायच्या. झाकलेल्या बरणीत मात्र कोणाच्याच अळी नव्हती.

आता आपल्या कामाचा प्रश्न. तो आमच्याच गटातल्या एका काकूंनी मुलांना विचारला. "टाकी दर आठवड्याला रिकामी करतो, तरी पुन्हा अळ्या कशा होतात गं?" मुलांनी काळ्या रंगाच्या डब्यात अर्ध्यापर्यंत पाणी घेतलं, आतल्या बाजूने जाड पांढऱ्या कागदाची पट्टी लावली आणि डबा सावलीत ठेवला. काही दिवसांनी पट्टीवर, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, खसखशीहून बारीक काळे ठिपके चिकटलेले दिसले. भिंगाखाली ते लांबट होते. ती एडिसची अंडी. हा डास बहुतेक अंडी पाण्यात सोडत नाही, भांड्याच्या ओल्या भिंतीला चिकटवतो. पट्टी दोन दिवस ओलसर ठेवली, मग वाळवली, आणि नंतर झाकलेल्या बरणीतल्या पाण्यात बुडवली. अळ्या निघाल्या! ही अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी चढलं की उबतात.

काकूंना उत्तर मिळालं. पाणी ओतून दिलं तरी अंडी भिंतीलाच राहतात. म्हणून कोरडा दिवस पाळायचा म्हणजे टाकी, बॅरल, रांजण आतून काथ्याने नाहीतर घासणीने खरखरून घासायचं, पाण्याच्या रेषेपाशी जास्त जोर लावायचा, मग धुऊन वाळवायचं आणि पुन्हा भरल्यावर घट्ट झाकायचं. आशाताई हेच सांगत आल्या आहेत. पण ते का, हे वर्गातल्या त्या पट्टीने दाखवलं. आणि का ते कळलं, की हात आपोआप जोराने घासतो.

अशी चिकाटी किती लागते, त्याचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. मलेरिया डासामुळे पसरतो का, हे रोनाल्ड रॉस नावाचे डॉक्टर शोधत होते. दोन वर्षं ते डास फाडून सूक्ष्मदर्शकाखाली बघत राहिले, पण काही मिळेना, कारण डासाची जातच वेगळी होती. मग ठिपकेदार पंखांचे डास हाती आले. सिकंदराबादच्या हुसेन खान या मलेरियाच्या रुग्णाने आपल्या अंगावर ते डास चावू दिले. एका डासामागे त्याला एक आणा मिळे. २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यातल्या एका डासाच्या पोटात रॉस यांना मलेरियाचे जंतू दिसले. म्हणून २० ऑगस्ट हा जागतिक डास दिन. रॉस यांना १९०२ साली नोबेल मिळालं. हुसेन खानचं नावही आपण लक्षात ठेवू.

आता घरातली गोष्ट. वर्गातल्या काही मुलींच्या बरण्या तिसऱ्याच दिवशी ओतून दिल्या गेल्या. "ही घाण घरात कशाला", "पोरीच्या जातीला किडे मोजायची काय गरज", असं घरी ऐकावं लागलं. काहींना भांडी, पाणी, धाकटं भावंड यातून बरणीसमोर पाच मिनिटं मिळाली नाहीत. मुलांच्या बरण्या मात्र ओट्यावर राहिल्या. मैत्रिणींनो, हे आपल्या हातात आहे. रोजची दहा मिनिटं आणि खिडकीतली वीतभर जागा, एवढंच लागतं. आज बरणीतल्या अळीबद्दल "हे कशावरून?" असं विचारणारी मुलगी उद्या औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचेल, दवाखान्यात प्रश्न विचारेल, बियाणं घेताना पिशवी उलटी करून बघेल. तिला आज गप्प केलं, तर ती सवय आयुष्यभर राहते.

आणि मुलं प्रश्न घेऊन आली की उत्तर आलंच पाहिजे असं नाही. शाळा कमी शिकलेल्या आईलाही तीन प्रश्न विचारता येतात. तुला काय दिसलं? ते कशावरून म्हणतेस? अजून कसं तपासता येईल? वही चुलीपाशी घेऊन बसा आणि एवढं विचारा.

तर या आठवड्यात एवढं करू. घरातली पाण्याची सगळी भांडी मुलांसोबत मोजू. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, अंगणातली करवंटी, जुना टायर, काही सोडायचं नाही. पांढऱ्या वाटीत थोडं पाणी घेऊन बॅटरीच्या उजेडात अळ्या बघू. कोणत्या भांड्यात किती, हे तारखेसह मुलांनी लिहायचं. त्या दिवशी घासायचं, आणि सात दिवसांनी पुन्हा मोजून लिहायचं. आकडा कमी झाला तर का, नाही झाला तर का, यावर गटाच्या बैठकीत बोलू. बरणी ठेवली असेल तर निरीक्षण संपल्यावर पाणी गटारात नको, तापलेल्या कोरड्या मातीवर ओता. अंड्यांची पट्टी चुलीत जाळा. आणि घरात कोणाला ताप आला, तर मनाने गोळी देत बसू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या.

तुमच्या मुलीच्या वहीतलं एखादं पान आम्हाला रेडिओवर वाचून दाखवायला आवडेल. ती स्वतः आली तर आणखी बरं. पुढच्या आठवड्यात याच वेळेला भेटू. नमस्कार.