मेंढरांच्या पोटातील घड्याळ



शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पुणे जिल्ह्याच्या पर्जन्यछायेतील. भीमा, घोड आणि मुळा-मुठेच्या काठी ऊस डोलतो. नदीपासून दूर गेले की माळरान लागते आणि तेथे दख्खनी मेंढरांचे कळप दिसतात. बाजारात मेंढराची किंमत वजनावर ठरते. ते वजन कसे वाढते, याचा विचार मात्र क्वचित होतो.

रवंथ करणाऱ्या जनावराचा दिवस सूर्याशी बांधलेला असतो. मेंढरू पहाटे आणि दिवस कलताना जोमाने चरते, दुपारी सावली धरते आणि रात्री वाघर लावली की आत बसून रवंथ करते. त्याच्या कोटीपोटात असंख्य सूक्ष्मजीव असतात. गवत पचवतात ते हे जीव. पुढे आतड्यात जाऊन मेंढराचे प्रथिन होतात तेही हेच. त्यांना नत्र लागते. चाऱ्यातील प्रथिन साधारण 7 टक्क्यांच्या खाली गेले की त्यांचे काम मंदावते, गवत पोटात रेंगाळते आणि भूक मरते. उन्हाळ्यातील वाळलेल्या कुसळी गवतात किंवा ज्वारीच्या कडब्यात प्रथिन जेमतेम 3-4 टक्के असते. पोट तट्ट फुगलेले आणि शरीर उपाशी, अशी ती अवस्था असते.

तथापि, केवळ प्रमाण पाहून भागत नाही. पेंड खाल्ल्यावर दोन-तीन तासांत कोटीपोटातील अमोनिया शिखर गाठतो. त्याच वेळी सूक्ष्मजीवांना साखर व पिष्ट मिळाले तर त्याचे प्रथिन बनते. न मिळाल्यास यकृत त्याचा युरिया करते. काही लाळेवाटे कोटीपोटात परततो, उरलेला मूत्रावाटे जातो. टंचाईच्या दिवसांत मूत्रपिंडे हा युरिया रोखून धरतात आणि त्याचा मोठा वाटा पुन्हा पोटाकडे वळतो. निसर्गाची ही काटकसर थक्क करणारी आहे! रक्तातील युरियाचा रोजचा चढउतार असा चाऱ्यावर आणि चाऱ्याच्या वेळेवर अवलंबून असतो. प्रकाश हे शरीराचे मुख्य घड्याळ खरे, पण चारा हेही एक घड्याळच. चाऱ्याची वेळ रात्रीकडे सरकवली की दुधाची दैनंदिन लयही सरकते, हे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात गाईंवर केलेल्या प्रयोगांत दिसले आहे.

हिरव्या गवतात दिवसभराच्या उन्हाने साखर साठते. म्हणून सायंकाळचा घास पहाटेच्या घासापेक्षा सकस असतो. नेमका हाच घास आज शिरूरच्या मेंढपाळाच्या हातून निसटतो आहे. उसात बिबट्या आहे. 2025च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेडला बिबट्याने माणसांचे, त्यांत लेकरांचेही, बळी घेतले. अशा परिसरात दिवस मावळेपर्यंत कळप माळावर ठेवा, असे कोणत्या तोंडाने सांगावे? पहाटेही उजाडल्यावरच निघावे लागते. चरण्याचे उत्तम तास दोन्ही टोकांनी कापले जातात.

ही तूट वाड्यावरच भरून काढावी लागेल. कळप परतल्यावर पोटात दिवसभराचा चारा असतो. त्यावर प्रौढ मेंढीला 100 ग्रॅम शेंगदाणा पेंड दिली तर सुमारे 40 ग्रॅम प्रथिन मिळते. गाभण आणि दुभत्या मेंढ्यांना आधी द्यावी. सोबत मूठभर भरडा असावा, म्हणजे अमोनियाला पिष्टाची जोड मिळते. बुरशी लागलेली पेंड मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नये. पेंड परवडत नसेल तर शेवरीचा पाला, तुरीचे वा हरभऱ्याचे भूस आणि उन्हाळ्यात गळणाऱ्या बाभळीच्या शेंगा आहेतच. दौंडकडे गाळप हंगामात उसाचे वाढे मुबलक मिळते. त्याने पोट भरते, पण प्रथिन थोडेच मिळते. त्याच्या जोडीला द्विदल चारा हवाच.

पावसाळ्यात गणित उलटते. कोवळ्या गवतात प्रथिन भरपूर असते. वरून पेंड घातली तर जास्तीचे नत्र मूत्रावाटे वावरात जाते. ज्याच्या वावरात मेंढरे बसवली आहेत, तो शेतकरी अर्थातच याबद्दल तक्रार करत नाही.