बाह्यरुग्ण घरी गेल्यानंतर
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत बाह्यरुग्ण विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



कोणत्याही धर्मादाय रुग्णालयाचा वार्षिक अहवाल उघडला की पहिल्या काही पानांतच बाह्यरुग्णांची संख्या आढळते. ती विभागवार असते, महिनावार असते, गतवर्षाशी तुलनाही केलेली असते. किती क्ष-किरण तपासण्या झाल्या, किती चष्मे वाटले, हेही असते. मात्र त्या हजारो माणसांपैकी बरी किती झाली, हा रकाना सहसा नसतो. आंतररुग्णाची निदान घरी जाण्याच्या दिवशीची प्रकृती कागदावर उतरते. बाह्यरुग्ण चिठ्ठी घेऊन औषधाच्या खिडकीपाशी जातो आणि तेथून एस. टी. स्थानकाकडे. पुढे तो आला नाही, तर त्याला आराम पडला असेल, किंवा आराम न पडल्यामुळे तो दुसऱ्या डॉक्टरकडे गेला असेल, किंवा भाड्याला पैसे नसतील, किंवा तो हयातच नसेल. नोंदवहीत या चारही गोष्टी सारख्याच दिसतात.

येत्या वर्षापासून रक्तदाब, मधुमेह, फेफरे आणि दमा या चार आजारांच्या बाह्यरुग्णांची संगणकाद्वारे स्वयंचलित दूरध्वनी करून विचारपूस करावी, अशी योजना आम्ही विश्वस्त मंडळासमोर ठेवीत आहोत. तिच्यामागील विचार आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

हा विचार नवा नाही. अमेरिकेतील बोस्टन येथील शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी असा आग्रह धरला की, प्रत्येक रुग्णाची एक कार्डावर नोंद ठेवावी आणि उपचारानंतर वर्षभराने त्याचे काय झाले हे शोधून त्याच कार्डावर लिहावे. सहकाऱ्यांना हे रुचले नाही. १९१४ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील पदाचा राजीनामा दिला. स्वतःच्या लहानशा रुग्णालयात १९११ ते १९१६ या काळात त्यांनी ३३७ रुग्णांचा हिशेब ठेवला, त्यांत आढळलेल्या १२३ चुका मोजल्या आणि त्या छापून प्रसिद्ध केल्या. त्यांच्यापाशी संगणक नव्हता. कार्डे, टपाल आणि चिकाटी एवढेच होते. यंत्राने आता टपालाचे काम सोपे केले आहे. चिकाटी मात्र अजूनही माणसालाच आणावी लागते.

आपल्या जिल्ह्यातील अलीकडचे उदाहरण सर्वांच्या स्मरणात आहे. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक आले, पाण्याचे व रक्ताचे नमुने गेले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखविले. मग वर्तमानपत्रांतून विषय मागे पडला. एप्रिलमध्ये त्याच भागातील काही रुग्णांची नखे विद्रूप होऊ लागल्याचे व गळू लागल्याचे वृत्त आले. पहिल्या भेटीत केसांचे मलम घेऊन गेलेला रुग्ण तीन महिन्यांनी नखांसाठी भलत्याच दवाखान्यात गेला, तर दोन लक्षणांची सांगड घालणार कोण? अशा वेळी ठरलेल्या दिवशी गेलेला एक साधा दूरध्वनी मोलाचा ठरतो.

यंत्रावर कितपत विसंबावे, याचा धडा क्षयरोग कार्यक्रमाने दिलेला आहे. ‘नाइन्टीनाइन डॉट्स’ या पद्धतीत गोळ्यांच्या पाकिटावर आतून क्रमांक छापलेले असत. गोळी काढली की क्रमांक दिसे, रुग्णाने त्यावर विनाशुल्क दूरध्वनी करावा आणि संगणकाने त्या दिवसाचा डोस नोंदवावा. कल्पना सुबक होती. परंतु चेन्नई, वेल्लोर आणि मुंबई येथे संशोधकांनी पूर्वसूचना न देता लघवीची तपासणी करून या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा त्या पुरेशा विश्वासार्ह नसल्याचे दिसले. कित्येकांनी गोळी घेतली होती पण दूरध्वनी केला नव्हता. काहींची नोंद होती आणि औषध अंगात नव्हते. तेव्हा दूरध्वनीचे मौन हा रोग्याच्या हलगर्जीपणाचा पुरावा नव्हे, आणि त्याचे उत्तर हा बरे झाल्याचा दाखला नव्हे.

दुसरा धडा उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमाचा आहे. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या या उपक्रमात आपल्या राज्यातील भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे आरंभीच होते. तेथे परिचारिकेच्या हातातील भ्रमणध्वनीवर ‘सिंपल’ नावाची प्रणाली ठरलेल्या तारखेला न आलेल्या रुग्णांची यादी काढून देते आणि परिचारिका त्यांना बोलावते. आम्हांला त्यातील हिशेबाची रीत विशेष भावली. गेल्या तीन महिन्यांत जो आला आणि ज्याचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आढळला, तोच ‘नियंत्रणात’. जो आलाच नाही तो भाजकातून वगळला जात नाही. त्याचा रकाना वेगळा, पण तो हिशेबात राहतो. आलेल्यांपुरतेच मोजले तर कोणताही दवाखाना उत्तम दिसतो.

आता आपल्याकडील अडचणी. घाटावर काय आणि घाटाखाली काय, नोंदणीच्या खिडकीवर दिलेला क्रमांक पुष्कळदा रुग्णाचा नसतो. तो मुलाचा, जावयाचा किंवा शेजारच्या दुकानदाराचा असतो. म्हणून क्रमांकासोबत तो कोणाचा, हेही लिहून घ्यावे लागेल. रिचार्ज संपले की येणारे फोनही बंद पडतात. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्टीवर, पुण्याला वा सुरतेला जातात. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी अकराला केलेला फोन शेतात कोण उचलणार? त्यासाठी सायंकाळची वेळ हवी, आणि एकदा उत्तर न आल्यास निरनिराळ्या वेळी आणखी दोनदा प्रयत्न हवा.

भाषेचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. “आपल्या प्रकृतीत सुधारणा असल्यास एक दाबा” ही पुस्तकी मराठी ऐकून मोताळ्याची म्हातारी बँकेचा फोन समजून तो ठेवून देईल. जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या सातपुड्याकडील गावांत तर कोरकू व भिलाली बोलणारी माणसे आहेत. ध्वनिमुद्रण आपल्याच बाह्यरुग्ण विभागातील सिस्टरच्या आवाजात असावे, असा आमचा आग्रह आहे. रुग्णाने तो आवाज खिडकीपाशी ऐकलेला असतो. “दवाखान्यातून बोलून राह्यली, आता बरं हाये का?” एवढ्याने पुढचे ऐकले जाते. फसवणुकीच्या फोनांनी लोक धास्तावलेले आहेत, तेव्हा कोणत्या क्रमांकावरून फोन येईल ते केसपेपरवर ठळक छापावे आणि आम्ही पैसे, आधार क्रमांक वा ओटीपी कधीही विचारणार नाही, हे तेथेच लिहावे.

प्रश्नही विचारपूर्वक ठरवावे लागतील. “बरे आहे का?” असे विचारले की आपला माणूस भिडेखातर “हो” म्हणतो, डॉक्टरसाहेबांना वाईट वाटू नये म्हणून. त्याऐवजी “काल कामावर गेलात का?”, “गोळ्या किती दिवसांच्या उरल्या?”, “या महिन्यात फेफरे आले का?” असे विचारले की उत्तरात लबाडीला वाव राहत नाही. आणि आजाराचे नाव ध्वनिमुद्रणात कदापि नको. फोन सासऱ्याच्या हातात असेल आणि फेफरे नव्या सुनेचे असेल, तर आपल्या विचारपुशीने तिचा संसार मोडू शकतो. त्यामुळे आजारासंबंधीचे प्रश्न, उचलणारी व्यक्ती रुग्णच आहे याची खात्री झाल्यावर, सिस्टरनेच विचारावेत. रुग्णाची संमती आधी घ्यावयाची. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचेही तेच म्हणणे आहे. ज्याने नकार दिला त्याच्या उपचारात तसूभर फरक पडता कामा नये.

खर्चाविषयी विश्वस्तांनी रास्त शंका काढली. यंत्राचा आणि कॉलचा खर्च तुलनेने किरकोळ आहे. खरा खर्च एका पूर्णवेळ परिचारिकेचा आहे. “त्रास वाढला” असे उत्तर आले की त्याच दिवशी तिने स्वतः बोलावे, तीनदा उत्तर न आलेल्यांची यादी गावच्या आशाताईकडे पोहोचवावी, आणि महिन्याअखेरीस सर्व नोंदी डॉक्टरांसमोर ठेवाव्यात. हे पद मंजूर होणार नसेल तर यंत्रही घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कोणी न वाचणारी उत्तरे गोळा करणे म्हणजे रुग्णाला आशा लावून दाराबाहेर उभे ठेवणे होय.

पुढील वर्षीच्या अहवालात बाह्यरुग्णसंख्येच्या तक्त्याशेजारी या चार आजारांपुरते चार रकाने असावेत: सुधारले, तसेच आहेत, बिघडले वा दगावले, आणि माहिती नाही. शेवटच्या रकान्यातील आकडा पहिल्या वर्षी मोठा असेल. देणगीदारांना तो दिसू नये म्हणून तो गाळावा, अशी सूचना एका हितचिंतकांनी सद्भावनेने केली. आम्ही ती नम्रपणे नाकारली आहे. तो आकडा छापला गेला तरच त्यामागच्या माणसांच्या गावी कोणी जाईल.

फेफरे आणि रक्तदाबाच्या रुग्णांची नवी नोंदपत्रके छापावयास दिली आहेत. सभेनंतर ती बाहेरच्या टेबलावर पाहावयास मिळतील. त्यांतील वऱ्हाडी शब्दांबाबत ज्यांना काही सुचवावयाचे असेल, त्यांनी कृपया सिस्टरकडे लिहून द्यावे.