गेलेले वर्ष कोणाचे?

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



आज खेळाडूंना बक्षिसे द्यावयाची आहेत, तेव्हा खेळाविषयी दोन शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली. मी क्रीडाशिक्षक नव्हे; इतिहास-भूगोल शिकवणारा मास्तर आहे. म्हणून इतिहासातलेच, पण अगदी अलीकडचे एक प्रकरण आपल्यापुढे ठेवतो. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा अमेरिकेतील महाविद्यालयांनी आपल्या खेळांचे काय केले?

आपल्याकडे कॉलेजचा सामना पाहावयास मित्रमंडळी आणि दोन-चार प्राध्यापक जमतात. तिकडे मोठ्या विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्याला लाखभर प्रेक्षक येतात आणि टेलिव्हिजनमुळे कोट्यवधी डॉलर मिळतात. कित्येक सामान्य घरची मुले खेळाच्या शिष्यवृत्तीवरच पदवीधर होतात. म्हणजे खेळ बंद पडला की कोणाची करमणूक जाते, कोणाचे उत्पन्न जाते आणि कोणाचे शिक्षणच धोक्यात येते.

१० मार्च २०२० रोजी हार्वर्ड, येल आदी आठ विद्यापीठांच्या ‘आयव्ही लीग’ने आपली बास्केटबॉल स्पर्धा रद्द केली. त्या दिवशी पुष्कळांना हा निर्णय उतावळेपणाचा वाटला. खेळाडूंनीही निषेध केला. पण दोनच दिवसांनी, १२ मार्चला, महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय संघटना एन.सी.ए.ए. हिने आपली प्रसिद्ध वार्षिक बास्केटबॉल स्पर्धा रद्द केली. पुरुषांची ही स्पर्धा १९३९ साली सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धातही ती थांबली नव्हती. संघटना त्या वर्षी विद्यापीठांना ६० कोटी डॉलर वाटणार होती, ते २२.५ कोटींवर आले.

पैशाचे नुकसान झाले, ते आकड्यांत मांडता आले. पण शेवटच्या वर्षात असलेल्या खेळाडूचे काय? तिकडे तेव्हा नियम असा होता, की विद्यार्थ्याला एका खेळात चारच हंगाम मिळत. ज्याचा चौथा हंगाम साथीने गिळला, त्याने काय करावे? ३० मार्चला संघटनेने ठरवले, की वसंत ऋतूत खेळल्या जाणाऱ्या खेळांतील विद्यार्थ्यांना आणखी एक वर्ष द्यावे. मित्रहो, मला या साऱ्या प्रकरणातील हा निर्णय सर्वांत मोलाचा वाटतो. “तुझे वर्ष गेले, त्यात तुझा दोष नाही, ते आम्ही परत देतो,” असे वडीलधाऱ्यांनी म्हणणे ही लहान गोष्ट नव्हे. त्यातही एक उणीव राहिली. परत येणाऱ्या खेळाडूला पूर्वीइतकीच शिष्यवृत्ती दिली पाहिजे, असे बंधन विद्यापीठांवर नव्हते. ऑगस्टमध्ये मात्र, आजाराच्या भीतीने जो खेळणार नाही त्याची शिष्यवृत्ती काढू नये, असा आदेश निघाला.

पुढची हकीकत इतकी उजळ नाही. ११ ऑगस्टला ‘बिग टेन’ या बलाढ्य गटाने फुटबॉल पुढे ढकलला. १६ सप्टेंबरला निर्णय फिरवला. रोजच्या रोज तपासणी होईल आणि बाधित खेळाडू हृदयाची तपासणी झाल्यावर, किमान २१ दिवसांनीच सामन्यात उतरेल, अशा अटी घातल्या. खबरदारी खरी होती, पण उत्पन्नाची ओढही खरी होती. तरीही साथीने कोणाची भीड ठेवली नाही. ओहायो स्टेट आणि मिशिगन यांचा १९१८ पासून दरवर्षी होणारा सामना त्या डिसेंबरात रद्द झाला. स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठाने तर एकदम अकरा खेळ बंद करण्याचे जाहीर केले. ज्या खेळांना गर्दी होत नाही तेच प्रथम यादीत गेले. खेळाडू आणि माजी विद्यार्थी झगडले, तेव्हा मे २०२१ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला.

आणि आता मुलींविषयी. मार्च २०२१ मध्ये बास्केटबॉल स्पर्धा पुन्हा भरल्या. मुलांची इंडियाना राज्यात, मुलींची टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे. मुलांना व्यायामासाठी साधनांनी भरलेले भले मोठे दालन मिळाले. मुलींना मिळाली डंबेल्सची एक घोडी आणि काही चटया. एका खेळाडू मुलीने त्याचे चित्रण साऱ्या जगाला दाखवले. संघटनेला माफी मागावी लागली, बाहेरच्या तज्ज्ञांकडून चौकशी करवावी लागली, आणि २०२२ पासून मुलींच्या स्पर्धेतही मुलांप्रमाणेच ६८ संघ आले. तात्पर्य काय? तंगीच्या काळात घर कोणाच्या ताटात आधी वाढते आणि कोणाच्या ताटात उरलेसुरले टाकते, ते उघड होते.

आता आपल्या घराकडे वळू. फेब्रुवारी २०२० मध्ये माझ्या नववीच्या वर्गातील एक मुलगी ८०० मीटर धावण्यात तालुक्यात पहिली आली. पुढच्या महिन्यात शाळा बंद झाली. तिची दहावी घरीच गेली. त्या वर्षी बोर्डाची परीक्षाही झाली नाही. मैदान पुन्हा सुरू झाले तेव्हा मी तिच्या घरी गेलो. तिचे अब्बा आदराने म्हणाले, “सर, दोन वर्षांत तिची सवय सुटली. आता कशाला?” तिचा धाकटा भाऊ त्याच आठवड्यात मैदानावर परतला होता. सवय त्याचीही सुटली होती. मी हे बोलू शकलो असतो. पण मी चहा घेतला, मान हलवली आणि परत आलो. त्या दिवशी ती दाराआड उभी होती. आपल्या सरांनी आपल्यासाठी एकही शब्द टाकला नाही, हे तिने ऐकले असणार.

पालकहो, साथ कोणीच आणली नव्हती. पण साथ संपल्यावर कोणाचे वर्ष परत द्यावयाचे आणि कोणाचे बुडू द्यावयाचे, हे आपण ठरवले. आजार असो, पैशाची अडचण असो, घरातील एखादे संकट असो. शाळा किंवा मैदान सुटले तर ते मुलाला आणि मुलीला सारखेच परत मिळावे, एवढीच माझी विनंती आहे. आणि मुलींनो, तुमच्या सरांना चहा घेऊन गप्प बसलेले पाहिलेत, तर दाराआड राहू नका. पुढे येऊन विचारा.