कशावरून?

(नाशिक येथील शिक्षक-पालक मेळाव्यातील एका पत्रकाराच्या भाषणाचा संपादित अंश)



गेल्या वर्षी सहावी-सातवीच्या एका सहलीबरोबर मी पांडवलेण्यांवर गेलो होतो. लेणी कोणी कोरली, असे विचारताच मुले एकमुखाने म्हणाली, ‘‘पांडवांनी!’’ कशावरून, असे विचारल्यावर एक मुलगा पुढे झाला. ‘‘तिसऱ्या लेण्यातल्या लेखात अर्जुन आणि भीम यांची नावे आहेत.’’

नावे आहेत, हे खरेच! वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, हा प्राकृत लेख कोरला गेला. त्यात राजमाता गौतमी बलश्री आपल्या दिवंगत पुत्राचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, गौरव करते; त्याचा पराक्रम राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोडीचा होता, असे सांगते. हे लेणे तिने भद्रायणीय शाखेच्या बौद्ध भिक्षूंना दिले, हेही तेथेच लिहिले आहे. मुलाने शब्द शोधला, वाक्य वाचले नाही. उपमा हा लेणे कोरल्याचा पुरावा नव्हे. त्याच ओळीवरून वेगळी गोष्ट मात्र निश्चित कळते : बौद्ध भिक्षूंच्या लेण्यातही पराक्रम मोजायला त्या काळी महाभारतातलेच वीर आठवत होते. मला तर ही गोष्ट दंतकथेहून मोलाची वाटते.

पुढे दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. बाईंनी त्याचा मराठी अनुवाद मुलांना वाटला होता. उषवदाताने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण ठेवले. २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीतून वर्षावासातील २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे होते. मुलांनी तिथेच हिशेब मांडला. दरमहा २०, वर्षाला २४०. आणि २० गुणिले १२, तेही २४०! दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब जुळल्याचा आनंद त्या चेहऱ्यांवर पाहण्यासारखा होता.

‘‘विणकर श्रीमंत होते,’’ एक मुलगी म्हणाली. ‘‘कोणत्या ओळीवरून?’’ बाईंनी विचारले. ती पुन्हा वाचू लागली. ‘‘श्रीमंत असे लिहिलेले नाही. पण मुद्दल परत घ्यायचेच नाही, नुसते व्याज घ्यायचे, असे आहे. म्हणजे त्यांच्यावर विश्वास होता.’’

अपेक्षित प्रश्नसंचात हे उत्तर सापडणार नाही. ते तपासायला वेळ लागतो, आणि ६० मुलांच्या वर्गात तो कोठून आणायचा, ही शिक्षकांची अडचण मी जाणतो. पण आपली अडचण आणखी एक आहे. पूर्वजांविषयी मोठमोठी विधाने आपण व्यासपीठांवरून करतो. मीही केली आहेत. ही मुलगी उद्या पहिल्या रांगेत बसेल आणि तोच प्रश्न मला विचारेल. पांडवलेण्यांवरून परतल्यावर मी माझी जुनी भाषणे काढली. दोन ठिकाणी मला ओळ दाखवता आली नाही. ती वाक्ये मी खोडली आहेत.